बीडीएसचं पहिलं वर्ष आणि प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग : कुणी करून पाहिलंय का?

अक्कलदाढ

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका खासगी डेंटल कॉलेजात ओरल पॅथॉलॉजीला शिकवते. बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते, पहिल्या वर्षाची डेंटल ॲनाटॉमी आणि ओरल हिस्टॉलॉजी आमच्याच विभागाच्या गळ्यात असते. म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरून घ्यायचे, गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी स्लाइडच्या आकृत्या काढून घ्यायच्या, जर्नलवर सह्या ठोकायच्या, आणि दातांचा तो प्रसिद्ध तक्ता पाठ करवून घ्यायचा. कुठला दात कधी बनायला लागतो, क्राउन (दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग) कधी पुरा होतो, तोंडात कधी येतो, मूळ कधी पुरं होतं. पोरं पाढे म्हणावेत तसा म्हणून दाखवतात. आणि तीच पोरं फायनल इयरला सहा-सात वर्षांच्या मुलाची पहिली पक्की दाढ बघून "दुधाची आहे, पडेल" असं त्याच्या आईला सांगून मोकळी होतात.

यंदा मी त्या तक्त्याचं लेक्चर घेतलं नाही. प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग (पीबीएल) करून पाहिलं, म्हणजे आधी प्रॉब्लेम द्यायचा आणि त्यातून काय शिकायचं ते मुलांनीच शोधायचं. आठ-नऊ जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक कागद दिला. एकानं चर्चा चालवायची, एकानं फळ्यावर लिहायचं, पुस्तकं आणि मोबाइल पिशवीत. कागदावर एवढंच :

"चौदा वर्षांची मुलगी, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. आई म्हणते, रोज दोनदा घासते, मिश्री नाही, काही नाही, तरी दात असे. वरचे-खालचे पटाशीचे दात आणि पहिल्या दाढा खडूसारख्या पांढुरक्या, त्यावर तपकिरी डाग, काही ठिकाणी टवके उडालेले. दुसऱ्या दाढा स्वच्छ, चकचकीत. धाकट्या भावाचे सगळे दात चांगले."

सुरुवातीला अपेक्षित तेच आलं. नीट घासत नसेल. चहा पीत असेल. "खर्रा खात असेल, आईले का मालूम?" यावर हशा. लहानपणी कुठलं तरी औषध दिलं असेल, हे एकाला नीट (NEET) परीक्षेच्या तयारीतून आठवलं. फळा भरत गेला. मग आजवर वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "पण सगळे दात एकाच तोंडात आहेत ना? चहा असो नाही तर खर्रा, मागच्या दाढा कशा काय वाचल्या?"

सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, मागच्या दाढा उशिरा येतात. त्यावर तीच : "उशिरा येतात, का उशिरा बनतात?"

मंडळी, माझ्या पोटात उत्तर उड्या मारत होतं. मी गप्प बसले. नोकरीत इतके कष्ट मला दुसऱ्या कशाचेच पडलेले नाहीत.

काय वाचायचं ते त्यांनीच ठरवलं, आणि चार दिवसांनी परत बसलो. तक्ता त्यांनीच आणला होता. पहिली दाढ जन्माच्या सुमाराला बनायला लागते, क्राउन अडीच-तीन वर्षांत पुरा. वरचा मधला पटाशीचा दात तीन-चार महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत. दुसरी दाढ मुळात सुरूच होते अडीच-तीन वर्षांची असताना, क्राउन सात-आठला पुरा, तोंडात अकरा ते तेराच्या दरम्यान. म्हणजे जे काही अंगात गेलं, ते साधारण तीन वर्षांच्या आत गेलं आणि नंतर थांबलं. हे त्यांनी काढल्यावर मी दुसरा कागद दिला : मुलगी तीन वर्षांची होईतो घरात बोअरवेलचं पाणी, नंतर कुटुंब तालुक्याला आलं, नदीचं नळपाणी. भाऊ तिथे आल्यावरचा.

मग फ्लोराइडचा, म्हणजे ते जास्त झालं की दातांवर डाग पडतात (फ्लोरोसिस) हा विषय मला काढावा लागला नाही. पाण्यातली मर्यादा (भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत), यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेली, ॲमेलोब्लास्ट (इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, बनवणाऱ्या पेशी) इनॅमल पक्कं करत असताना प्रथिनं बाहेर निघायला अडथळा कसा येतो आणि इनॅमल सच्छिद्र कसं राहतं, सगळं त्यांनीच आणलं. तपकिरी रंग दात तोंडात आल्यानंतर त्या छिद्रांत मुरतो, हेही. त्यामुळे चहावाला पोरगा "मी अगदीच चुकलो नव्हतो" म्हणून खूश.

वरिष्ठांचं म्हणणं, छान आहे, पण सिलॅबस कसा संपणार? या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. तुमचे अनुभव सांगा, विरोधातलेही.

शेवटचा_बाक

प्रॅक्टिसला बरीच वर्षं झाली, तो तक्ता कशाला होता ते आज कळलं. मॅडम, आमच्या वेळी कुठे होतात?

हाडांचा_सर

विरोधातले मागितलेत म्हणून लिहितो. मी डेंटलच्या मुलांना जनरल ॲनाटॉमी शिकवतो.

ज्याला पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी) कुठे असते हे माहीत नाही, त्याच्यासमोर प्रॉब्लेम ठेवून चर्चा कर म्हणणं म्हणजे वेळ घालवणं. ॲनाटॉमीत तर्कानं काही सापडत नाही. फेशियल नर्व्ह (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस) अमुक छिद्रातून बाहेर येते, कारण ती तिथूनच येते. हे मला एकट्यालाच वाटतं असं नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा २००६ चा लेख आहे, नवशिक्याला मोकळं सोडलं की त्याच्या डोक्यावर नको तेवढा भार पडतो आणि शिकणं कमी होतं, असा त्यांचा युक्तिवाद. त्याआधी १९९३ मध्ये अल्बनीज आणि मिचेल यांनी मेडिकलच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पीबीएलची मुलं बेसिक सायन्सच्या परीक्षेत काही ठिकाणी मागे पडलेली दिसली. बीडीएसला डिसेक्शनचे तास एमबीबीएसपेक्षा आधीच कमी. त्यातले आणखी तुम्ही गप्पांना देणार?

तुमची केस उत्तम आहे, वाद नाही. पण ती लेक्चरनंतर दिली असती तर काय बिघडलं असतं?

अक्कलदाढ

सर, १९९३ च्या त्याच आढाव्याचा दुसरा अर्धा भागही सांगा की. क्लिनिकल कामात ही मुलं बरोबरीची किंवा सरस ठरली होती आणि त्यांना शिकणं जास्त आवडलं होतं. २००६ च्या लेखालाही पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं : पीबीएल म्हणजे मोकळं सोडणं नव्हे, त्यात आधार भरपूर असतो, फक्त तो भाषणातून दिलेला नसतो. माझा दुसरा कागद हा तसाच आधार होता. तो कधी द्यायचा ते मी ठरवत होते.

लेक्चरनंतर दिली असती तर "उशिरा येतात का उशिरा बनतात" हा प्रश्न उठलाच नसता. स्लाइडवर उत्तर आधीच बघून झालं असतं.

स्कोनेकर

स्वीडनच्या दक्षिण टोकाला राहतो. मुलगी माल्मोला डेंटिस्ट्री शिकते, म्हणून चार शब्द.

ही पद्धत मेडिकलमधून आली. कॅनडातल्या मॅकमास्टरनं १९६९ मध्ये सुरुवात केली, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टनं १९७४ पासून. शब्द समजून घ्या, प्रॉब्लेम ठरवा, मनात येईल ते मांडा, त्याची जुळणी करा, काय शिकायचं ते ठरवा, एकेकट्यानं वाचा, परत येऊन जोडा, या सात पायऱ्या मास्ट्रिख्टच्या. माल्मोनं १९९० मध्ये दंतवैद्यकाचा अख्खा अभ्यासक्रमच त्यावर उभा केला. एक विषय, एक पेपर, एक विभाग अशी मांडणी जवळपास मोडून टाकली. स्वतः शिकणं, गटानं काम, पेशंटकडे माणूस म्हणून बघणं आणि दात दुरुस्त करण्याऐवजी तोंडाचं आरोग्य राखणं, हे तिथले चार खांब.

हे झालं कागदावरचं. घरातलं सांगतो. पहिल्या सत्रात लेक रोज फोनवर चिडायची, "बाबा, इथे कुणी काही सांगतच नाही! मी प्रश्न विचारला की ते मलाच प्रश्न विचारतात." तिची आई तर फी भरून पोरीला वाऱ्यावर सोडलं म्हणायची. नंतर चिडणं थांबलं, पण ते तिथल्या इतर गोष्टींमुळेही असेल. ट्यूटरला आधी प्रशिक्षण असतं, गटात नीट बोललात का, ऐकलंत का, यावरही बोलणं होतं. हे सगळं काढून घेतलं आणि नुसता कागद वाटला, तर ते माल्मो मॉडेल नव्हे.

सेकंड_इयर

मॅम, विद्यार्थ्याच्या बाजूनं लिहू का? (कॉलेजचं नाव विचारू नका.)

आमच्याकडे गेल्या वर्षी पीबीएल झालं. दहाच्या गटात दोघं वाचतात, बाकीचे त्यांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर घेतात. सीनियर्सनी केस आधीच सांगितली होती, त्यामुळे पहिल्या मिनिटाला एकजण "फ्लोरोसिस" म्हणाला आणि चर्चा संपली. मग सरांना राहवेना, त्यांनी उरलेला तास फ्लोरोसिसवर लेक्चर दिलं. चांगलं होतं लेक्चर, खोटं कशाला बोलू.

आणि परीक्षेत काय आलं? "ॲमेलोब्लास्टच्या जीवनचक्राच्या अवस्था आकृतीसह लिहा." लेखी ७०, तोंडी २०, इंटर्नल १०. यात त्या गटातल्या चर्चेला मार्क कुठे आहेत? ज्यानं गाइडमधून सहा अवस्था पाठ केल्या तो पुढे गेला. मला केस आवडली होती, पण पुढची आली तेव्हा मीही पीडीएफचीच वाट बघत बसले.

साधा_इंजिनियर

अज्ञानी प्रश्न : मास्तर शिकवत नाहीत, पोरं आपापलं शिकतात, आणि फी तीच?

अक्कलदाढ

@साधा_इंजिनियर, मास्तर उलट जास्त लागतात हो. शंभराची बॅच, नऊचा गट धरला तर अकरा-बारा ट्यूटर, आणि तेही एकाच वेळी. लेक्चरला एक माणूस आणि एक माइक पुरतो. सगळं अडतं ते इथेच. मी एमडीएसच्या (बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर) पोरींना हाताशी धरलंय, त्यांना पहिल्या वर्षाचं परत वाचायला लागतं म्हणून त्या कुरकुरतात, पण वयानं जवळच्या असल्यामुळे मुलं त्यांच्यासमोर बोलतात. फक्त त्यांना एकच गोष्ट शिकवायला वेळ गेला : उत्तर येत असताना गप्प बसायची.

@सेकंड_इयर, तुझा प्रतिसाद प्रिंट काढून विभागात लावणार आहे. केस फुटण्याचं औषध आहे माझ्याकडे, सावकाश लिहिते.

वऱ्हाडी_ठेचा

कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. पहिल्या वर्षाला अर्धी पोरं मराठी माध्यमातून आलेली असतात. लेक्चरमध्ये सर इंग्रजीत विचारतात, पोरगं उत्तर येत असूनही मान खाली घालतं. गटात पहिल्यांदा मराठी-हिंदीत बोलू दिलं की तेच पोरगं सुटतं. अक्कलदाढ ताईंच्या धाग्यात "आईले का मालूम" म्हणणारा आहे ना, तो वर्गात कधी बोलला असता का? फळ्यावर इंग्रजी संज्ञा येऊ द्या, वाद आपल्या बोलीत घालू द्या. पण शेवटी पेपर इंग्रजीतच लिहायचाय, म्हणून परत बसल्यावर प्रत्येकानं आपला भाग इंग्रजीत मांडायचा, अशी अट घालावी. मी बायोकेमिस्ट्रीला घालतो. अडखळतात, पण मांडतात.

मांडवीकाठ

गोव्याहून. ओरल सर्जरीवाला आहे, पहिल्या वर्षाशी संबंध कमी. पण हाडांचा_सरांसाठी एक केस देतो, त्यांच्याच प्रांतातली.

"खालची दाढ काढायला इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पेशंट म्हणतो, ओठ बधिर झाला नाही, पण त्या बाजूचा डोळा मिटत नाही. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला ओढलं जातं. बरोबर आलेली बायको रडायला लागली, यांना लकवा झाला म्हणून."

बस, इतकंच. डेंटलचा प्रत्येक मुलगा पुढे आयुष्यभर हे इंजेक्शन देणार आहे. पहिल्या वर्षीच ही भीती घातलेली बरी.

हाडांचा_सर

ही केस मी घेईन.

बाकीच्यांसाठी : खालच्या जबड्याची नस बधिर करताना सुई जबड्याच्या उभ्या भागाच्या (रॅमसच्या) आतल्या बाजूला हाडाला टेकली पाहिजे, मग औषध सोडायचं. हाड लागलं नाही आणि सुई मागे निसटली, तर ती रॅमसच्या मागच्या कडेपलीकडे थेट पॅरोटिडमध्ये जाते. फेशियल नर्व्ह पॅरोटिडमधूनच फाटे फोडत जाते, औषध तिच्यावर पडतं. ओठाची संवेदना ट्रायजेमिनल या दुसऱ्या नसेची आणि डोळा मिटणं फेशियलचं, म्हणून ओठ जागा आणि डोळा उघडा. औषधाचा अंमल उतरला की काही तासांत सगळं पूर्ववत. तोवर डोळ्याला ड्रॉप्स आणि पट्टी, म्हणजे बुबुळ कोरडं पडत नाही. आणि बायकोला आधी समजवायचं.

पण माझी अट कायम. पॅरोटिडचं डिसेक्शन झाल्यावर, टेबलापाशी उभं राहून. पोरांच्या हातात फोरसेप आणि समोर खरी नर्व्ह. "सुई इथून गेली तर कशाला लागेल?" असं विचारीन, आणि बोट ठेवून दाखवायला लावीन. याला पीबीएल म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

मांडवीकाठ

सर, तुम्ही पेपर सेट करता ना? मग तोंडीला हाडाचा तुकडा हातात देऊन "याच्यावरची छिद्रं सांग" विचारण्याऐवजी हेच विचारा. पुढच्या वर्षी पोरं आपोआप तसा अभ्यास करतील.

हाडांचा_सर

बाहेरचे परीक्षक काय विचारतील ते माझ्या हातात नाही. माझ्या वाट्याच्या तोंडीत विचारीन.

शेवटचा_बाक

अवांतर : आमच्या तोंडीला एका सरांनी मँडिबल (खालचा जबडा) उलटं हातात दिलं होतं. मी पाच मिनिटं मॅक्सिला (वरचा जबडा) समजून बोलत होतो. त्यांनी थांबवलंही नाही.

अक्कलदाढ

हाहा. @शेवटचा_बाक, हा तर खरा पीबीएल ट्यूटर!

आता सिलॅबसबद्दल, इथलं सगळं वाचून जे ठरवलंय ते. माल्मोसारखं अख्खं वर्ष उलटवणं आमच्या हातात नाही, विषयवार पेपर आहेत तोवर ते होणारही नाही. लेक्चरं राहतील. फक्त वर्षात चार जागा अशा निवडल्यात, जिथे मुलं कशासाठी पाठ करायचं हे न कळता पाठ करतात : दातांचा कालक्रम, इनॅमल, पेरिओडॉन्टल लिगामेंट, म्हणजे दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू (पडलेला दात दुधात घालून आणलेलं पोर, ही केस), आणि दाढेची मुळं. इंटर्नलचे १० मार्क विभागाच्या हातात आहेत, तर त्या परीक्षेत एक प्रश्न न पाहिलेल्या केसवर. विद्यापीठाचा पेपर बदलेल तेव्हा बदलेल.

आणि @सेकंड_इयर, फुटलेल्या केसचं औषध. आजार तोच ठेवायचा, दात बदलायचे. पुढच्या बॅचची मुलगी अशी : पटाशीचे दात आणि पहिल्या दाढा स्वच्छ, उपदाढा आणि दुसऱ्या दाढांवर डाग. "फ्लोरोसिस" म्हणणारा पहिल्याच मिनिटाला म्हणू दे. मी विचारणार, मग ही बोअरवेलच्या गावी आली कधी?

सेकंड_इयर

थांबा मॅम, मीच सोडवते. पटाशीच्या दातांचं इनॅमल चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं, ते स्वच्छ म्हणजे तोवर पाणी चांगलं. पहिली दाढ तर त्याआधीच झालेली. पहिल्या उपदाढेचा क्राउन पाच-सहाला पुरा, दुसरीचा सहा-सातला, दुसऱ्या दाढेचा सात-आठला. म्हणजे साधारण पाच वर्षांची असताना आली, आणि निदान दोन-तीन वर्षं तरी राहिली.

हाडांचा_सर

आणि सुळा?

सेकंड_इयर

सुळा... क्राउन सहा-सातला पुरा होतो. म्हणजे ती पाचची असताना अर्धवट असणार. दात टोकापासून बनायला लागतो, तर टोकाकडचं इनॅमल बऱ्यापैकी झालेलं, हिरडीकडचं बाकी. मग टोक स्वच्छ आणि डाग खाली हिरडीजवळ?

हाडांचा_सर

बरोबर. आणि पहिल्या उपदाढेवर दुसरीपेक्षा डाग कमी हवेत. मॅडम, तुमच्या कागदावर तसं लिहिलंय का?

अक्कलदाढ

पहिल्या-दुसऱ्या उपदाढेतला फरक लिहिलाय. सुळ्याचं घालते आता. पण ही केसही तुम्ही दोघांनी मिळून धाग्यावर फोडलीत, म्हणजे पुढच्या बॅचसाठी मला तिसरी मुलगी शोधणं आलं. @सेकंड_इयर, सुट्टीत वेळ असेल तर व्यनि कर, दात तू निवड.